घरात मुलं किती

तिला सगळे मोजणीबाई म्हणतात. खरं नाव नोकरीच्या कागदांवर आहे आणि ते तिथेच सुखात आहे. वरच्या वस्त्यांवर कुणी तिला त्या नावाने हाक मारली, तर तीच मागे वळून बघेल, ही कोण नवीन आली बुवा! तेरा वर्षांपूर्वी तिने खांद्याला पिशवी अडकवून डोंगरावरच्या बेचाळीस वस्त्या पालथ्या घातल्या होत्या. दारादारात उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, ‘घरात मुलं किती?’ आणि जे उत्तर येईल ते चौकटीत लिहायचं. तेव्हा हे नाव जे चिकटलं ते आजतागायत निघालेलं नाही.

आता एकेचाळिसाव्या वर्षी ही बाई विद्यार्थिनी होऊन शहरात आली होती. वरच्या लोकांना खालचे लोक तोंडावर ‘मूळ रहिवासी’ म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात ते सोडा. तर या मूळ रहिवाशांच्या नजरेतून सार्वजनिक आरोग्य शिकवायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम एका संस्थेने काढला आणि आरोग्य खात्याने आपलं माणूस म्हणून हिला पाठवलं. ‘नजर वरच्यांची आणि फळा खालच्यांचा, चांगलं आहे की!’ असं तिचा नवरा म्हणाला होता. तो जंगल खात्यात राखणदार आहे, तोंडाने फटकळ, पण धाकटीला सांभाळायची जबाबदारी त्याने आपण होऊन घेतली. धाकटी बारा वर्षांची. दर रविवारी फोन करून आईचं डोकं खायची.

वसतिगृहात तिला जिन्याजवळची खोली मिळाली. दोन खाटांची, पण दुसरी खाट रिकामीच होती. झाडायला येणाऱ्या बाईने दोन-चार दिवस बघितलं आणि मग तिला राहवेना. “अहो ताई, भिंतीकडे एवढी जागा सोडून तुम्ही काठावर झोपता. पडाल की एक दिवस!”

“नाही पडत. सवय आहे मला.”

सवय होतीच. अकरा वर्षांची. जिना चढतानाही ती प्रत्येक पायरीवर जरा थांबायची. मुलींना वाटायचं, बिचारीचे गुडघे गेले. कशाचे जातात! गुडघे ठणठणीत होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती गच्चीवर एक पिवळा फ्रॉक धुऊन वाळत घालायची. एका मुलीने कौतुकाने विचारलं, “कुणाचा हो?”

“मुलीचा. थोरलीचा.”

“केवढी आहे?”

“तीन वर्षांची.”

सात-आठ महिन्यांनी त्याच मुलीने पुन्हा तेच विचारलं आणि पुन्हा तेच उत्तर आलं. मुलगी हसली, मग फ्रॉककडे बघत दोन पावलं मागे सरली, आणि त्यानंतर गच्चीवर कपडे वाळत घालायला ती शनिवारी जायला लागली. खोलीच्या अर्जावर मोजणीबाईने ‘अपत्ये’ या रकान्यात ‘दोन’ असं ठसठशीत लिहिलं होतं. धाकटी बारा वर्षांची आणि थोरली तीन वर्षांची. हिशोब कुणी मागितला नाही, म्हणून बरं.

आता हे काय गौडबंगाल आहे ते सांगायला हवं. वरच्या लोकांत दुधाचे दात पडायच्या आधी जे मूल जातं, ते घर सोडत नाही. म्हणजे त्याला सोडू देत नाहीत. एवढंसं लेकरू एकटं जाणार कुठे? चटईवर भिंतीकडची जागा त्याची. त्याचा एक कपडा घरात राहतो, धुतला जातो, इतरांच्या कपड्यांबरोबर दोरीवर वाळतो. मुलं मोजताना ते मोजलं जातं. मात्र ‘ते गेलं’ असं तोंडाने म्हणायचं नाही. ज्या घरात तसं म्हटलं गेलं, त्या घरातून त्याला निघावं लागतं, आणि बोलणारी जर त्याची आईच असेल, तर मग ते परत कुठल्याच दाराशी येत नाही.

हे मोजणीबाईला तेरा वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. तिथेच तर सगळं घोडं अडलेलं आहे! मोजणीच्या तिसऱ्या दिवशी ती अशा एका दारात उभी होती, जिथलं बाळ आठ दिवसांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने अखेरचं गुंडाळून दिलं होतं. ‘मुलं किती?’ ‘तीन.’ ‘कुणी गेलं का?’ ‘कुणी नाही.’ आईने तिच्या डोळ्यांत डोळे घालून उत्तर दिलं आणि हिने लिहिलं, तीन, आणि पुढच्या चौकटीत शून्य. खालच्या साहेबाला विचारायचा प्रयत्न तिने केला होता. तो म्हणाला, “बाई, सांगतात ते लिहा. स्वतःची अक्कल चालवू नका.” तिलाही ते सोयीचं वाटलं. अक्षर सुरेख होतं, तक्ता देखणा झाला, साहेबाने शाबासकी दिली. पुढच्या वर्षी त्या शून्यांकडे बघून खात्याने ठरवलं की वर सगळं आलबेल आहे, आणि वरचा दवाखाना उचलून खालच्या बाजारात नेला. पत्रेसुद्धा उतरवून नेले.

त्यानंतर एका वर्षाने थोरलीला जुलाब लागले. दवाखाना चार तासांच्या उतरणीवर होता.

संस्थेत दुसरं वर्ष सुरू होऊन पाच आठवडे झाले असतील. वर्गात मॅडमनी पडद्यावर एक तक्ता लावला. मॅडम मोजणीबाईपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, खालच्याच, पण मनाने निर्मळ. वरच्या लोकांबद्दल बोलायला लागल्या की तासाची घंटाही त्यांना ऐकू यायची नाही. पडद्याकडे बघताच मोजणीबाईने ते अक्षर ओळखलं. शून्याला शेपटी काढायची सवय तिची एकटीची.

“बेचाळीस वस्त्या,” मॅडम सांगत होत्या. “पंधरा वर्षांत जन्मलेली बाराशेच्या वर मुलं. आणि त्यांतली गेली किती? चार! शहरातसुद्धा इतके कमी मृत्यू नाहीत. आपण औषधांच्या पेट्या घेऊन या लोकांना शिकवायला निघतो. अरे, आपण त्यांच्याकडून शिकायला हवं!”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या चारांतली दोन मुलं बाहेरून आलेल्या मास्तरांची होती आणि दोन जंगल खात्याच्या साहेबांची. खालच्यांची मुलं मरतात आणि खालचे ती लिहून देतात, एवढाच त्या तक्त्याचा अर्थ होता.

“ताई, तुम्ही तर तिथल्याच,” मॅडम कौतुकाने म्हणाल्या. “काही सांगाल?”

मोजणीबाई उभी राहिली. “अक्षर माझं आहे,” ती एवढंच म्हणाली आणि खाली बसली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर फार उपकार होतील.

तास संपता संपता मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. खातं बंद पडलेल्या दवाखान्यांपैकी तीन पुन्हा उघडणार होतं. ते कुठे उघडावेत याचं टिपण संस्थेने द्यायचं होतं, आणि या तक्त्याच्या आधारावर वरच्या वस्त्यांचं नाव अर्थातच यादीत नव्हतं. मोजणीबाईच्या डोळ्यांपुढे माहेरच्या वहिनीचं आठ महिन्यांचं बाळ आलं. गेल्या खेपेला त्याला खोकला होता आणि खोकताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली. “मॅडम, ते आकडे खोटे आहेत.”

“खोटे? कसे काय?”

सांगणार काय? कारण सांगायला जावं तर बेचाळीस वस्त्यांमधली लेकरं एका वाक्यात घराबाहेर काढावी लागणार, आणि सगळ्यांत पुढे स्वतःची. “ते सांगता येत नाही,” ती कशीबशी म्हणाली. “पुन्हा मोजायला पाहिजे.”

मॅडमनी समोरचं टिपण बाजूला सारलं. दुसरं कुणी असतं तर उडवून लावलं असतं. “महिनाअखेरीपर्यंत टिपण मी रोखून धरते,” त्या म्हणाल्या. “पण हातात नवा तक्ता लागेल, ताई. आणि मोजणाऱ्याचं घर दुसऱ्याने मोजायचं, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं घर वरच्याच यादीत आहे. ते मी विचारीन.”

“बरं,” मोजणीबाई म्हणाली. तो नियम तिच्या उरावर त्याच क्षणी बसला.

बस बाजारापर्यंतच जाते. पुढे चार तासांची चढण. वाटेवर बरोबर अर्ध्यात एक मोठा खडक आहे, लोक तिथे बसून घाम पुसतात. मोजणीबाई तिथे कधीच बसत नाही. त्या दिवशीही ती न थांबता, खाली मान घालून पुढे गेली, आणि खडक ओलांडल्यावर मात्र तिची चाल आपोआप हळू झाली. मागून येणाऱ्याचे पाय छोटे असले की हळूच चालावं लागतं.

माहेरी आई ओट्यावर बसून नातवाच्या विजारीची खालची दुमड उसवत होती. सत्तरी गाठलेली बाई, पण सुईत दोरा स्वतःच ओवते आणि दुसऱ्याने मदत करायची म्हटलं तर अंगावर येते. वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती.

“ताई, बघा ना याला,” वहिनी म्हणाली. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

बाळाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मोजणीबाईने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि लगेच चुलीवर पाणी चढवलं. वाफ दिली, पिशवीतलं औषध पाजलं, बाळ उतरत्या उन्हापर्यंत सावरलं. या खेपेला सावरलं. पण पिशवी घेऊन ती रोज थोडीच येणार होती!

वहिनी आत गेल्यावर ती आईजवळ बसली आणि तिने सगळं सांगितलं. तक्ता, टाळ्या, दवाखाना. मग म्हणाली, “आई, या वेळी लोकांनी खरं सांगायला पाहिजे.”

आईचे हात थांबले. “खरं म्हणजे काय?”

“किती आहेत आणि किती... नाहीत.”

“गप्प बस!” आई एवढ्या जोरात ओरडली की आतून वहिनी धावत बाहेर आली. “लाज नाही वाटत? खालचं पाणी पिऊन एवढी धिटाई आली? दारोदार फिरून आयांना सांगणार आहेस, तुमच्या पोरांना हाकला म्हणून?”

मोजणीबाईचाही बांध फुटला. अकरा वर्षं जो प्रश्न तिने घशाखाली दाबून ठेवला होता तो बाहेर आला. “आई, त्या दिवशी खडकापाशी तू म्हणालीस, मागे फिर. मी फिरले. तेव्हा तिचा श्वास चालू होता का?”

वहिनी बाळाला घट्ट धरून उंबऱ्यातच उभी राहिली.

“मला माहीत नाही,” आई म्हणाली.

“ती तुझ्या पाठीवर होती, आई.”

“म्हणूनच नाही बघितलं मी!” आईचा आवाज चिरकला. “पाठीवरचं ओझं एकदम जड झालं. खाली नेलं असतं तर खालच्यांनी कागदावर लिहिलं असतं, तुला सही करायला लावली असती. ती परत कशी आली असती घरी? वळून बघितलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. मी बघितलं नाही. दवाखाना इथे असता तर मला पाठीवर घ्यावीच लागली नसती!”

आणि ती म्हातारी हमसून हमसून रडायला लागली. मोजणीबाई तिला जवळ घेऊन बसली. चूक कुणाची, हे त्या दोघींनाही ठाऊक होतं, आणि त्यातली मोठी चूक शेपटीच्या शून्यांत होती. मोजणीबाईला त्या क्षणी स्वतःचा इतका संताप आला की तिने आपलीच मूठ ओट्यावर आपटली.

सकाळी ती तोंड धुवायला मागच्या दारी गेली. दोरीवर कपडे वाळत होते. भाच्याच्या दोन विजारी, दोन्हींच्याही खाली दुमड सोडल्याची पांढरी रेघ. बाळाची टोपडी, एक जुनी आणि एक नव्याने मोठी शिवलेली. आणि टोकाला दोन छोटे सदरे, धुऊन धुऊन विटलेले. त्यांना ना दुमड सोडलेली, ना ठिगळ जोडलेलं. वहिनीच्या मधल्या दोघांचे ते. मोजणीबाई तोंडावर पाणी तसंच ठेवून उभी राहिली. मग तिने शेजारच्या दोरीकडे बघितलं, मग त्यापलीकडच्या. डोंबल माझं शिक्षण, ती मनात म्हणाली, हे जन्मभर डोळ्यांसमोर वाळत होतं!

ती आत आली. “आई, घरात पंधरा वर्षांखालची मुलं किती?”

आईने डोळे वटारले. “चार. पुन्हा सुरू केलंस?”

“चारच लिहिते. आता एवढंच सांग, यातल्या किती जणांचे कपडे या वर्षी आखूड झाले?”

आईने मांडीवरच्या विजारीकडे बघितलं. मग वहिनीकडे. वहिनीने बाळाच्या टोपड्याची नाडी उगीचच सोडली आणि पुन्हा बांधली.

“दोघांचे,” आई म्हणाली. थोड्या वेळाने, अगदी हळू, तिने विचारलं, “मग सगळे राहतात ना घरात?”

“सगळे राहतात. चारच लिहिलेत बघ.”

मोजणीबाई पुढचे वीस दिवस चालत होती. नवऱ्याने रजा टाकली आणि निम्म्या वस्त्या तिच्याबरोबर पायाखाली घातल्या, पूर्ण वेळ कुरकुरत. काही बाया प्रश्न ऐकून आधी हसायच्या. कपडे कसले मोजतेस, सरकार कापड वाटणार आहे का? मग कळायचं आणि हसू ओठांवरच विरायचं. एका म्हाताऱ्या आजोबांनी ‘पाच’ म्हटलं, मग ‘एकाचे’ म्हटलं, आणि नंतर बराच वेळ तिचा हात सोडला नाही. तेरा वर्षांपूर्वी ‘कुणी नाही’ म्हणालेली ती आई अजून त्याच घरात होती. तिने दोन्ही उत्तरं दिली आणि म्हणाली, “हेच तेव्हा विचारलं असतंस तर?” तिने मान खाली घातली आणि पुढच्या घराकडे निघाली. कुठल्याही घरात कुणाला घराबाहेर काढावं लागलं नाही.

ती शहरात परतली तेव्हा महिना संपायला एक दिवस उरला होता. तिने तक्ता मॅडमच्या टेबलावर ठेवला. पहिल्या रकान्याची बेरीज तेराशे अठरा. दुसऱ्याची एक हजार एकाहत्तर. तिसरा रकाना तिने आखलाच नव्हता.

“ही कपड्यांची काय भानगड आहे, ताई?” मॅडमनी विचारलं.

“दोन्ही आकडे शेजारी शेजारी वाचा, मॅडम. वजाबाकी तोंडाने करू नका.”

मॅडम वाचत राहिल्या. एक पान, दुसरं पान. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. तिथे एक ओळ कोरी होती. मॅडमनी पेन उचललं. “विचारू?”

मोजणीबाईने पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत पिवळा फ्रॉक होता. “विचारा.”

“घरात पंधरा वर्षांखालची मुलं किती?”

“दोन.”

मॅडमनी दोन लिहिलं. पुढचा प्रश्न विचारायला त्यांनाही जड गेलं. त्यांनी तो कागदावरून वाचला नाही, तिच्याकडे बघून विचारला. “या वर्षी किती जणांचे कपडे आखूड झाले?”

हाच प्रश्न तिने बेचाळीस वस्त्यांवर न अडखळता विचारला होता. लोक उत्तर देताना कुठे बघतात, हे तिला पाठ झालं होतं. आता तिला कुठे बघावं ते कळेना. रविवारीच धाकटीने फोनवर तक्रार केली होती की शाळेचा झगा गुडघ्याच्या वर गेलाय, सगळ्या हसतात. बारा वर्षांची धाकटी. थोरली आता चौदाची असती. आणि पिशवीतला फ्रॉक तिच्या दोन वितींचाच होता, अकरा वर्षं.

“एकीचे,” ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर ती कान देऊन बसली. पिशवी मांडीवर होती तशीच होती. खोलीत काही हललं नाही, कुणी उठून गेलं नाही. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली.

वरच्या दवाखान्यावर पुढच्या वर्षी पुन्हा पत्रे चढले. वहिनीच्या बाळाला तिथे सुई टोचली तेव्हा त्याने सगळी वस्ती डोक्यावर घेतली आणि आई म्हणाली, ओरडू दे मेल्याला, चांगलं ओरडू दे. पण ते नंतरचं. त्या दिवशी मॅडमनी तक्ता टिपणाला जोडला आणि दोघी खाली निघाल्या. जिन्यावर मोजणीबाई नेहमीसारखी एक पायरी उतरली, थांबली, मग दुसरी उतरली. मॅडमना घाई होती, टिपण संध्याकाळच्या आत खात्यात पोचायचं होतं. तरी त्या पुढे गेल्या नाहीत. भिंतीकडची बाजू मोकळी सोडून त्याही एकेका पायरीवर थांबत खाली आल्या.